उम्म सिदरच्या तेवीस तुळशी

उम्म सिदरला आधी नुसतं नाव होतं, मग त्याचं गाव झालं, आणि आता परत नुसतं नावच उरत आलंय. अबू धाबीहून पश्चिमेला अडीच तास गाडी हाकली की वाळूत सिदरचं एक जुनं झाड लागतं. सिदर म्हणजे आपली बोरच, फक्त जरा दांडगी. त्या झाडाखाली पूर्वी उंटवाले थांबायचे, पाणी प्यायचे आणि पुढची वाट धरायचे. शहाणी माणसं होती ती. तिथं मुक्काम ठोकायची बुद्धी झाली ती रेल्वेला.

सोळा वर्षांपूर्वी मालगाडीची लाइन टाकायला घेतली आणि कॅम्प, यार्ड, वर्कशॉप सगळं त्या बोरीशेजारी आलं. असतील शिते तर जमतील भुते. आधी पोर्टाकेबिनी आल्या, मागोमाग एका मलबारी माणसाची कॅफेटेरिया, मग किराणा, शिंपी, केस कापणारा, मोबाइलवाला. दोन वर्षांत पक्की क्वार्टर्स उठली, पोरांसाठी केजीचे दोन वर्ग निघाले, आणि एका गणपतीत तर आरतीला अडतीस मराठी घरं जमली. अडतीस! शोभना आजही हा आकडा सांगते तेव्हा तिचा आवाज चढतो, जणू ती अडतीस घरं तिनेच बांधली होती.

शोभना आणि गुणवंत मूळचे पुण्याचे, धायरीचे. गुणवंत यार्डाच्या स्टोअरमध्ये, पुढे तिथलाच मुख्य झाला. या माणसाला लेबल लावल्याशिवाय चैन पडायचं नाही. नट-बोल्टांच्या खणांना लेबलं, घरातल्या डाळींच्या डब्यांना लेबलं, मुलगा तन्मय दहावीला होता तेव्हा त्याच्या चपलांनासुद्धा. शोभना म्हणायची, मला कपाळाला लावलं नाही हेच नशीब.

पण रेल्वेचं एक असतं. ती टाकून होईपर्यंत माणसं लागतात, टाकून झाली की गाडीला फक्त रूळ लागतात. लाइन चालू झाली आणि पहिली शंभर माणसं गेली. मग वर्कशॉप किनाऱ्याकडे हललं आणि आणखी गेली. तरी सगळ्यांच्या तोंडी एकच होतं की प्रवासी गाड्या सुरू होणार, तेव्हा उम्म सिदरला स्टेशन होणार. कुणी पाहिलं होतं ते स्टेशन? कुणीही नाही. पण मलबाऱ्याने कॅफेटेरियाचं नाव बदलून ‘स्टेशन कॅफेटेरिया’ केलं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! स्टेशन झालं ते पुढच्या मोठ्या गावात. उम्म सिदरला मालगाडी दिवसातून चारदा येते, न थांबता जाते, आणि तेवढ्यापुरत्या खिडक्या थरथरतात.

गाव सोडून जाणारा प्रत्येक जण घर आवरायचा. सोफा विकायचा, सिलिंडर परत करायचा, लोणच्याच्या बरण्या शेजारी वाटायचा. शेवटी दारात एक वस्तू उरायची, ती विकता येत नाही, टाकता येत नाही आणि भरल्या गाडीत मावत नाही: तुळस. तुळस कचऱ्यात टाकायला कुणाचा हात धजणार? मग ती उचलून शोभनाच्या अंगणात यायची. काकू, सांभाळा, स्टेशन झालं की येतोच परत, असं म्हणून माणसं डोळे पुसत गाडीत बसायची. शोभना हो म्हणायची. तिला नाही म्हणता येत नाही, हा तिचा जुना रोग. गुणवंत तुपाच्या रिकाम्या बादल्या, रंगाचे डबे आणायचा, त्यांवर ऑइलपेंटने नाव घालायचा: सौ. सुजाता, सौ. प्रमिला, मधू आणि कंपनी. अंगणात रांग वाढत गेली आणि गल्ली रिकामी होत गेली. शेवटी घरची एक सोडून तेवीस तुळशी झाल्या.

आता खरी गोष्ट. या तेवीसपैकी चौदा तुळशी खोट्या होत्या, आणि हे उभ्या जगात फक्त शोभनाला नि गुणवंतला ठाऊक होतं.

झालं असं. नऊ वर्षांपूर्वी अंगणात परक्या अशा चौदाच होत्या. जुलैत दोघं सुट्टीवर पुण्याला निघाली. पाण्याचा टँकर चालवणारा अर्सलान, पेशावरकडचा, भला माणूस, त्याला शोभनाने सांगितलं, वीस दिवस रोज पाणी घाल. त्याने वीस दिवस घातलं, एकही चुकवला नाही, आणि एकविसाव्या दिवशी तो स्वतःच्या सुट्टीवर घरी गेला. इकडे पुण्यात भाचीचं लग्न ठरलं, मग देवदर्शन, मग आणखी काही, आणि वीसाचे पंचेचाळीस दिवस झाले. शोभनाच्या डोक्यातून अर्सलान पार निघून गेला होता. एक फोन करायचा होता, एक! जुलैचं ते ऊन, तिथं माणूस तासाभरात कोमेजतो, झाडाचं काय घेऊन बसलात?

परत आली तेव्हा अंगण लखलखीत स्वच्छ. कॅम्पच्या सफाईवाल्यांनी वाळलेला कचरा म्हणून सगळी झाडं उपटून नेली होती आणि बादल्या धुऊन एका ओळीत उपड्या मांडल्या होत्या, त्यांच्यावरची नावं खाली डोकं वर पाय. मंजिरीसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती. एरवी तुळस गेली तर तिच्याच मंजिऱ्या पेरायच्या, वंश चालू राहतो, पण इथे वंशच बुडाला. वाचली ती फक्त शोभनाची स्वतःची तुळस. ती मागच्या बाजूला शेजाऱ्यांच्या एसीच्या नळीखाली होती, थेंब थेंब पाणी पीत जगली. परक्यांच्या लेकी मेल्या आणि आपली तेवढी राहिली, हे शोभनाला इतकं लागलं की ती दोन दिवस नीट जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी सुजाताचा फोन आला, दुबईतल्या देऱ्याहून. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, आमची तुळस कशी आहे? शोभनाने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, “छान आहे. मंजिऱ्या आल्यात.” फोन ठेवला आणि तशीच उठून तिने आपल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या, चौदा बादल्यांत माती भरली आणि पेरल्या. गुणवंत बघत उभा होता. तो म्हणाला, यात काय, रिप्लेसमेंट पार्ट आहे, स्टोअरमध्ये चालतं. शोभनाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप आत गेला.

पुढे नऊ वर्षं हेच चाललं. सणावाराला, वाढदिवसाला, कुणाला उगीच आठवण आली म्हणून फोन यायचे, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी तुळशीची चौकशी. सगळ्यांत नेमाने फोन करायची प्रमिला. तिचा नवरा सिग्नलला होता, मग दुबईकडे जबल अलीच्या एका गोदामात लागला आणि ती दोघं तिकडे गेली. शुक्रवारी सुट्टी होती तेव्हा ती दर शुक्रवारी फोन करायची, सुट्टी शनिवार-रविवार झाली तशी रविवारी. आणि नेमकी प्रमिलाची तुळसच सगळ्यांहून वेगळी होती. तिच्या आईने साताऱ्याजवळच्या अंगणातल्या मंजिऱ्या रुमालात बांधून दिल्या होत्या. ती आई पुढच्याच वर्षी गेली. प्रमिला त्या तुळशीशी बोलायची, हे शोभनाने कुंपणावरून कितीदा ऐकलं होतं. एकदा प्रमिलाने फोटो मागितला. शोभनाने दिवेलागणीपर्यंत थांबून, पुढे निरांजन ठेवून, अंधुकसा फोटो काढून धाडला. प्रमिलाने हात जोडल्याची खूण पाठवली. सुटले, असं वाटलं शोभनाला.

यंदा सप्टेंबरात गुणवंतचं निवृत्तीचं पत्र आलं, आणि सोबत दुसरं: तीस नोव्हेंबरला क्वार्टर्स बंद, वीज बंद, पाणी बंद. उम्म सिदर खलास. तन्मय अबू धाबीत अल रीम आयलंडवर सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो, त्याने खोली तयार ठेवली होती. तुळशींचं काय, असं शोभनाने विचारलं तर तो म्हणाला, आई, आमच्या बिल्डिंगमध्ये बाल्कनीत कुंडी ठेवली की नोटीस येते. मागून नात इराचा आवाज आला, “आजी, इट्स जस्ट अ प्लांट.” शोभनाने फोन गुणवंतच्या हातात दिला आणि ती अंगणात जाऊन बसली.

तिथं बसूनच तिला सुचलं. तुळशीचं लग्न यंदा नोव्हेंबरात रविवारीच येत होतं. लग्न लावायचं आणि लेकी ज्याच्या त्याच्या घरी पाठवायच्या. तिने गावातल्या जुन्या माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की मुली मोठ्या झाल्या, आपापली न्यायला या. पहिल्या दिवशी नुसते अंगठे आले. दुसऱ्या दिवशी मधूने विचारलं, काकू, जेवायला काय आहे? मग मात्र पटापट माणसं हो म्हणायला लागली.

आणि इथेच शोभनाला ते टोचायला लागलं. दूध उतू जाऊ नये म्हणून ती गॅसपाशी उभी होती, आणि तिने गुणवंतला सांगून टाकलं की मी सगळ्यांना खरं सांगणार आहे. गुणवंत म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, नऊ वर्षं कुणाला कळलं नाही, आता निघताना कशाला? शोभना म्हणाली, “तुळस माझ्याकडे होती तोवर खोटं माझ्या घरात होतं. आता ते मी लोकांच्या देवघरापाशी धाडतेय. लोक त्याला रोज हात जोडणार.” दूध उतू गेलंच.

रविवारी दुपारपासून गाड्या यायला लागल्या. अकरा गाड्या मोजल्या गुणवंतने. किती दिवसांनी त्या गल्लीत गाड्या लावायला जागा कमी पडली! माणसं उतरून आधी आपापली जुनी क्वार्टर्स बघून आली, कुणाच्या दारात वाळू उंबऱ्याच्या वर चढली होती, कुणाच्या भिंतीवर पोराची उंची मापल्याच्या रेघा तशाच होत्या. मधूने देऱ्यातून ऊस आणला होता आणि एका उसाला पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये मोजले, हे तो प्रत्येकाला थांबवून सांगत होता. चिंच-आवळे पिशवीत आले होते. बोरं मात्र गावच्या झाडाची होती. ती अर्सलानने पाडून आणली आणि तो टँकरपाशी पाहुण्यासारखा उभा राहिला.

तेवीस बादल्या, चोवीसावी घरची, सगळ्यांना हळद-कुंकू, सगळ्यांना मिळून एकच बाळकृष्ण. बिचाऱ्यावर केवढा संसार पडला, असं मधू म्हणाला आणि हशा पिकला. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या, आणि दुसऱ्याच कडव्याला मालगाडी आली. गंधकाचे शंभरावर डबे. अंतरपाट धरून सगळे गप्प उभे राहिले, खिडक्या थरथरल्या, आणि गाडी गेल्यावर थांबलं होतं तिथून पुन्हा सावधान झालं. जुन्या माणसांना त्याची सवय होती, पोरं तेवढी हसत सुटली.

जेवणं झाल्यावर सांगायचं, असं शोभनाने ठरवलं होतं. जेवणं झाली. मग म्हणाली, विडे झाल्यावर. विडेही झाले. माणसं बादल्यांवरची नावं वाचायला लागली, आणि ती विड्यांची तबकं आवरत बसली. तेवढ्यात प्रमिला आपल्या बादलीपाशी वाकली. शोभना पुढे झाली आणि तिने तिचा हात धरला. तिला बाजूला, एसीच्या त्या नळीखाली नेलं आणि म्हणाली, “प्रमिला, ती तुझी नाही. तुझ्या आईची तुळस मेली गं. मी मारली. नऊ वर्षं मी तुझ्याशी खोटं बोलले.”

प्रमिला म्हणाली, “काकू, मला माहीत आहे.”

“कसं?” शोभनाने विचारलं.

“आईची तुळस काळी होती, कृष्णतुळस. देठ जांभळे. तुम्ही दिवा लावून फोटो पाठवलात ना, त्यात दिव्यापाशी एक पान हिरवंगार दिसत होतं.”

शोभनाला नऊ वर्षं काळं-हिरवं आठवलं नव्हतं! चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण या चोराला स्वतःच्या चोरीचा रंगही लक्षात नव्हता. तिने विचारलं, “मग बोलली का नाहीस?”

“त्या दिवशी खूप रडले. तुमचा राग आला, दोन रविवार फोन केला नाही. मग वाटलं, आई गेली, आईची तुळस गेली, आता बोलून काकूंनाही घालवू? मी बोलले असते तर तुम्ही लाजून माझा फोन उचलणं बंद केलं असतं. आणि जबल अलीत मला दुसरं कोण विचारत होतं, काकू?”

शोभनाला रडू फुटलं ते इतकं मोठ्याने की सगळे धावत आले. काय झालं, काय झालं. मग काय, आता लपवायचं कशाला? रडत रडतच तिने सगळं सांगितलं: वीसाचे पंचेचाळीस, उपड्या बादल्या, चौदा नावं. मधू म्हणाला, म्हणजे आमच्या सगळ्या एकाच आईच्या, मग आपण सगळे व्याही झालो की! बरेच जण हसले, एकीने शोभनाला जवळ घेतलं. पण सगळेच हसले असं नाही. सुजाताचा चेहरा उतरला. मी दर फोनला विचारत होते हो, एवढंच ती म्हणाली, आणि बादली न घेताच नवऱ्यासोबत गाडीत जाऊन बसली. तिचं काही चुकलं असं शोभनाला आजही वाटत नाही.

रात्र चढायच्या आत गाड्या निघाल्या, प्रत्येकीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली तुळस. जे आले नव्हते त्यांच्या कुणी ना कुणी नेल्या. सुजाताची राहिली. ती अर्सलानने मागून घेतली. टँकर उभा राहतो तिथं तिला ठेवतो, म्हणाला, पाण्याची कमी पडायची नाही, आणि या वेळी दिवस मोजणार नाही. शोभनाने तिच्या मंजिऱ्यांतल्या चार काढून ठेवल्या, सुजाताचा राग उतरेल त्या दिवसासाठी.

उरली घरची, चौदाजणींची आई. तिला सत्ताविसावा मजला बंद होता. शोभनाने ती उचलली, प्रमिलाच्या गाडीपाशी नेली आणि तिच्या मांडीवर ठेवली. आता गाव सोडून जाणारी ती होती. तिनेही जाणाऱ्याने म्हणायचं तेच म्हटलं, “सांभाळ गं.”

तीस तारखेला वीज गेली. अल रीमची खोली चांगली आहे, समोर समुद्र दिसतो, खिडकी उघडत नाही. गुणवंतने आल्या आल्या तन्मयच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावायला घेतली आणि सुनेने तोंडावर हसू ठेवून ती काढून टाकली. रविवार उजाडला, सकाळचे अकरा वाजले, आणि तिच्या ध्यानात आलं की आज फोन येणार नाही. आता विचारायचं तिने होतं.

तिने नंबर लावला. प्रमिलाने पहिल्याच घंटीला उचलला. पोरांच्या परीक्षा झाल्या, थंडी कशी पडली नाही ते झालं, आणि मग शोभनाने विचारलं.

“आमची तुळस कशी आहे?”

“छान आहे, काकू. मंजिऱ्या आल्यात,” प्रमिला म्हणाली. “फोटो पाठवू?”

“नको,” शोभना म्हणाली. “तू सांगतेस ना, झालं.”